केस, रबर, ग्लिसरीन आणि हाड: पदार्थांचे यांत्रिक गुणधर्म स्वतः कसे मोजावेत

पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे पदार्थ ताणायला किती ताठ आहे ते सांगणारा आकडा, सुमारे २०० गिगापास्कल, काचेचा ७०, हाडाचा लांबीच्या दिशेने साधारण १७, केसाचा ३ ते ५. हा तक्ता पाठ करायला वेळ लागत नाही. पण त्यातला एखादा आकडा स्वतः काढून पाहिला की तो किती अटींवर उभा आहे हे लक्षात येतं. पोलादाची तार आज ओढा किंवा उद्या, हळू ओढा किंवा झटक्यात, उत्तर जवळजवळ तेच येतं. केस, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा), हाड, रक्त यांचं तसं नसतं. नमुना ओला होता की कोरडा, किती वेगाने ओढला, कोणत्या दिशेने ओढला, त्याआधी किती वेळा ओढला होता, या सगळ्यावर उत्तर बदलतं. त्यामुळे जैविक पदार्थाच्या बाबतीत अटी हा आकड्याचाच भाग असतो, असं माझं ठाम मत आहे. खालची चारही मोजमापं त्याच दृष्टीने मांडली आहेत. साधनं साधी आहेत: मिलिमीटर पट्टी, मोबाइलचा कॅमेरा, लाल लेझर पॉइंटर, सिरिंज, थर्मामीटर आणि थोडा धीर.

आधी प्रश्न नक्की करा

‘हा पदार्थ किती मजबूत आहे?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. थोडंसं ताणायला किती जोर लागतो, हा ताठपणा. तुटेपर्यंत किती जोर सोसतो, ही ताकद. तुटण्यापूर्वी किती ऊर्जा पोटात घेतो, हा चिवटपणा. काच आणि अॅल्युमिनियम यांचा ताठपणा जवळपास सारखा, दोघांचा गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपास. पण काचेला बारीकशी चीर पडली की ती सरळ आरपार जाते आणि अॅल्युमिनियम मात्र वाकून निभावून नेतं. कोळी ज्या धाग्याला लटकतो त्याचा ताठपणा पोलादाच्या विसाव्या भागाइतका, सुमारे १० गिगापास्कल. तरीही तो तुटण्यापूर्वी पंचवीस-तीस टक्के लांबतो आणि सुमारे एक गिगापास्कल प्रतिबल सोसतो, त्यामुळे चिवटपणात तो पोलादाला मागे टाकतो.

मोजताना नेहमी दोन भागाकार करायचे. बल भागिले काटछेदाचं क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल, ज्याला वर्गात सगळे स्ट्रेस म्हणतात. लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती, म्हणजेच स्ट्रेन. प्रतिबलाला विकृतीने भागलं की यंग गुणांक. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये बल आणि लांबीवाढ यांचं सरळ प्रमाण जाहीर केलं होतं, पण ते स्प्रिंग किंवा तार या वस्तूबद्दल होतं. जाडी आणि लांबी बाजूला काढून पदार्थाबद्दल बोलायचं, तर हे दोन भागाकार हवेतच.

पहिलं मोजमाप: केसाचा यंग गुणांक

केस निवडण्याचं कारण म्हणजे तो एकसलग, लांब आणि फुकट मिळणारा प्रथिनाचा तंतू आहे. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीचा, रंग किंवा रसायनं न लावलेला केस घ्या.

सगळ्यात अवघड काम जाडीचं. केस ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि क्षेत्रफळात जाडीचा वर्ग येतो, म्हणजे जाडीत ५ टक्के चूक झाली की गुणांकात १० टक्के होते. स्क्रू गेजने केस चेपला जातो, म्हणून लेझर वापरा. पुठ्ठ्याला खिडकी कापून तिच्यावर केस उभा ताणून चिकटवा, लेझरचा किरण त्यावर टाका आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर पाहा. मधला मोठा ठिपका आणि दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, एकाआड एक उजळ-काळे पट्टे दिसतील. लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांतलं अंतर मोजा; मधल्या उजळ ठिपक्याची रुंदी याच्या दुप्पट असते, ती धरू नका. एकेक अंतर मोजण्यापेक्षा एकाच बाजूचे चार-पाच पट्टे एकदम मोजून भागाकार केलेला चांगला. मग:

जाडी = तरंगलांबी × भिंतीपर्यंतचं अंतर ÷ दोन काळ्या पट्ट्यांतलं अंतर

तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, भिंत २ मीटरवर आणि पट्ट्यांतलं अंतर १८.६ मिलिमीटर असेल, तर जाडी ०.०७ मिलिमीटर येते. लेझरच्या लेबलावर बऱ्याचदा ६३० ते ६८० असा पल्ला छापलेला असतो. तेवढ्यानेच तीन-चार टक्क्यांची अनिश्चितता येते. ती घालवायची असेल तर एखादी बारीक तांब्याची तार स्क्रू गेजने नीट मोजा, तिचे पट्टे मोजा आणि त्यावरून स्वतःच्या लेझरची तरंगलांबी काढा. केसाचा काटछेद गोल नसून बऱ्याचदा लंबगोल असतो. त्यामुळे खिडकीतला केस थोडा थोडा फिरवून आणि दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. किरण किंवा त्याचं आरशासारख्या वस्तूवरून होणारं परावर्तन डोळ्यात जाणार नाही, एवढी काळजी शेवटपर्यंत घ्यायची.

आता टांगणी. केसाला गाठ मारू नका. गाठीपाशी तो आधी तुटतो. दोन्ही टोकं पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांत घालून सायनोअॅक्रिलेट गोंदाने चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळू द्या. टोक सटकत असेल तर पट्टीवर ती लांबीवाढ म्हणूनच दिसते आणि गुणांक खोटाच कमी येतो. वरचा तुकडा घट्ट धरा, खालच्याला प्लास्टिकचा हलका पेला अडकवा. तीन-चार ग्रॅमचा पेला केसातला बाक काढायला पुरतो, त्यामुळे ती शून्य स्थिती धरा. दोन पुठ्ठ्यांमधली मोकळी लांबी मोजा. समजा २०० मिलिमीटर भरली.

वजन टाकायला सिरिंजने पाणी सोडा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, आणि धक्का बसत नाही. दर पाच मिलिलिटरनंतर अर्धा मिनिट थांबा आणि खालच्या पुठ्ठ्यावरच्या बारीक रेघेचा, मागे मिलिमीटर पट्टी ठेवून, मोबाइलने फोटो काढा. मोबाइल स्टँडवर हवा आणि रेघेच्या बरोबर समोर हवा. वीस मिलिलिटरपर्यंत जा, मग तेवढंच पाणी टप्प्याटप्प्याने काढून घ्या. रेघ शून्यावर परत आली तरच आकडे वापरा. आली नाही, तर गोंद सटकला किंवा केस त्याच्या स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे गेला.

वर धरलेल्या मापांवर हिशोब असा: वीस ग्रॅम म्हणजे ०.१९६ न्यूटन, क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मिलिमीटर, प्रतिबल सुमारे ५१ मेगापास्कल. लांबी २.५ मिलिमीटरने वाढली तर विकृती ०.०१२५ आणि गुणांक ४.१ गिगापास्कल. फोटोतून ०.१ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, त्यामुळे ही मोजणी विश्वासार्ह आहे.

यानंतर पाणी घालतच राहा, कारण खरी गंमत पुढे आहे. विकृती दोन टक्क्यांच्या पुढे गेली की आलेखाची रेघ आडवी पडू लागते: जेमतेम वाढलेल्या वजनाला केस भराभर लांबतो. कारण केसातलं केराटिन हे प्रथिन स्प्रिंगसारख्या वेटोळ्याच्या रूपात असतं आणि या टप्प्यावर ती वेटोळी उलगडायला लागतात. पंचवीस-तीस टक्क्यांनंतर उलगडण्याजोगं फारसं उरत नाही, केस पुन्हा ताठ होतो आणि बराच लांबून मग तुटतो. या जाडीच्या केसाला त्यासाठी ऐंशी ग्रॅमच्या आसपास वजन लागेल.

त्याच डोक्याचा दुसरा केस घेऊन हाच प्रयोग ओल्या अवस्थेत करा. टिश्यू पेपरची पाण्याने भिजलेली पट्टी केसाभोवती गुंडाळून दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. गुणांक निम्म्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरलेला दिसेल. पाण्याचे रेणू प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये घुसून त्यांच्यातले हायड्रोजन बंध सोडवतात. गंधकाचे बंध मात्र टिकून राहतात, म्हणून केस विरघळत नाही आणि वाळल्यावर पूर्ववत होतो. वहीत नुसतं ‘केस, ४.१ गिगापास्कल’ लिहिलं तर ते अर्धवट आहे. ‘कोरडा केस, खोलीचं तापमान इतकं, आर्द्रता इतकी, प्रत्येक टप्प्याला अर्धा मिनिट थांबा, विकृती १.२५ टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलं की दुसऱ्या माणसाला तो आकडा पडताळता येतो.

दुसरं: रबर, आणि चढ-उताराचे दोन वेगळे रस्ते

रबरबँड कापून त्याची सरळ पट्टी करा, वजनं वाढवत न्या, मग उतरवत आणा आणि दोन्ही वेळच्या लांब्या एकाच आलेखावर मांडा. चढताना आणि उतरताना रेघ वेगळी येईल: त्याच वजनाला उतरताना पट्टी जास्त लांब असते. दोन रेघांमधलं क्षेत्रफळ म्हणजे परत न मिळालेली ऊर्जा. ती उष्णता होऊन गेली.

पहिल्या फेरीचे आकडे निकालात धरू नका. नव्या रबराची पहिली ओढ नेहमी जास्त ताठ असते, चार-पाच फेऱ्यांनंतर आलेख स्थिरावतो. कंडरा, त्वचा, रक्तवाहिनीची भिंत यांच्या चाचणीतही हाच शिरस्ता आहे: आधी ठरावीक मर्यादेपर्यंत काही फेऱ्या ओढून सोडायचं आणि मग नोंद घ्यायची. आधीच्या फेऱ्या किती, हेही निकालासोबत लिहिलेलं असायला हवं.

रबरात आणखी एक भानगड आहे. ते ताणलं की बारीक होतं, पण घनफळ जवळजवळ तेवढंच राहतं. लांबी दुप्पट झाली की काटछेद निम्मा. मूळ क्षेत्रफळाने भागून काढलेलं प्रतिबल तेव्हा खऱ्या प्रतिबलाच्या निम्मंच असतं. केसाच्या एक-सव्वा टक्क्याला हा फरक क्षुल्लक, रबराला निर्णायक. कोणत्या क्षेत्रफळाने भागलं ते लिहा.

टांगलेल्या वजनासह ताणलेल्या पट्टीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली तर वजन वर उचललं जातं. तापलेली धातूची तार लांबते, ताणलेलं रबर आखडतं. लहानपणी दृष्टी गेलेल्या जॉन गॉफने १८०५ मध्ये याची नोंद छापली होती. झटकन ताणलेलं रबर ओठांना लावून ते गरम होतं हे त्याने ओळखलं. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलने १८५९ मध्ये ते मोजून दाखवलं. धातूत अणूंमधले बंध ताणले जातात, रबरात मात्र गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या सरळ केल्या जातात. तापमान वाढलं की त्या साखळ्या पुन्हा गुंतायला जास्त जोर लावतात. आपल्या धमन्यांना लवचीकपणा देणारं इलॅस्टिन हे प्रथिनही बरंचसं याच तत्त्वावर चालतं. त्याचा गुणांक सुमारे एक मेगापास्कल. शेजारच्या कोलॅजेन या ताठ प्रथिनाचा त्याच्या हजारपट. रक्तदाब कमी असताना इलॅस्टिन ताण घेतं, जास्त झाला की आतापर्यंत सैल असलेले कोलॅजेनचे तंतू तंग होतात. म्हणून धमनीचा आलेख आधी सपाट आणि मग एकदम उभा चढतो. अशा पदार्थाला ‘एक’ यंग गुणांक नसतोच. कोणत्या विकृतीला काढला हे सांगावं लागतं.

तिसरं: ग्लिसरीनची श्यानता

द्रवाला ताठपणा नसतो, तो जोरापुढे वाहत सुटतो. प्रश्न असतो किती वेगाने. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून, पडणाऱ्या गोळीच्या वेगातून श्यानता, म्हणजे वाहण्याला द्रव करत असलेला विरोध, काढता येते:

श्यानता = २ × त्रिज्येचा वर्ग × (गोळीची घनता − द्रवाची घनता) × गुरुत्वत्वरण ÷ (९ × स्थिर वेग)

पाच सेंटिमीटर आतला व्यास असलेला उंच काचेचा सिलिंडर आणि ३ मिलिमीटर व्यासाची बेअरिंगची पोलादी गोळी घ्या. वरून पाच सेंटिमीटरवर एक खूण आणि तिथून वीस सेंटिमीटर खाली दुसरी. तळापासूनही चार-पाच सेंटिमीटर अंतर राखा. गोळी आधी ग्लिसरीनमध्ये बुडवून घ्या, नाहीतर तिला हवेचा बुडबुडा चिकटतो. चिमट्याने पृष्ठभागाखाली, बरोबर मध्यभागी सोडा. व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजून वेळ काढा.

२० सेंटिमीटरला १० सेकंद लागले तर वेग २ सेंटिमीटर प्रतिसेकंद. हा वेग भिंतींमुळे घटलेला असतो, कारण गोळीने बाजूला सारलेल्या द्रवाला अरुंद वाटेने वर जावं लागतं. त्यासाठी वेगाला (१ + २.४ × गोळीची त्रिज्या ÷ सिलिंडरची त्रिज्या) याने गुणा. इथे तो गुणक १.१४४, दुरुस्त वेग २.२९ सेंटिमीटर प्रतिसेकंद. घनता ७८०० आणि १२६० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरल्यास श्यानता १.४ पास्कल-सेकंद येते. २० अंश सेल्सिअसला शुद्ध ग्लिसरीनचा आकडा हाच आहे. भिंतींची दुरुस्ती विसरलात तर उत्तर १४ टक्के चुकतं.

आता प्रवाह पुरेसा संथ आहे का हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक तपासा: द्रवाची घनता × वेग × व्यास ÷ श्यानता. इथे तो ०.०६ आहे, एकपेक्षा खूपच कमी, म्हणून सूत्र लागू. हीच गोळी पाण्यात सोडून हेच सूत्र वापरलं तर वेग ३३ मीटर प्रतिसेकंद निघतो, जो उघडच अशक्य आहे. सूत्र चुकीचं नाही. ते ज्या संथ प्रवाहासाठी आहे तो प्रवाहच तिथे नाही.

तापमान हाताने अंदाजे लिहू नका. २५ अंशांना ग्लिसरीनची श्यानता एक पास्कल-सेकंदाच्या थोडी खाली उतरते. पाच अंशांत जवळजवळ एक तृतीयांश घट. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. दहा टक्के पाणी मिसळलं की २० अंशांना १.४ ऐवजी ०.२२ उरते. बाटली उघडी राहिली असेल तर आधी तिथे संशय घ्या.

मग ३ मिलिमीटरच्या गोळीबरोबर २ आणि ४ मिलिमीटरच्याही सोडा. तिन्हींवरून श्यानता सारखी आली तर द्रव न्यूटनी, म्हणजे श्यानता प्रवाहाच्या वेगावर अवलंबून नाही. शाम्पूत बहुधा तशी सारखी येणार नाही. हात धुण्याच्या पारदर्शक जेलमध्ये तर हवेचे बुडबुडे महिनोन्महिने जागच्या जागी अडकलेले दिसतात; ठरावीक प्रतिबल ओलांडल्याशिवाय ते वाहतच नाही.

रक्त याच जातीचं आहे. जोरात वाहताना त्याची श्यानता पाण्याच्या तीन-चार पट असते. प्रवाह मंदावला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून रांगा करतात आणि श्यानता कितीतरी पट चढते. १९३१ मध्ये फोरियस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांत रक्त उलट पातळ असल्यासारखं वागतं, कारण पेशी मधोमध गोळा होतात आणि भिंतीलगत नुसत्या प्लाझ्माचा, म्हणजे पेशींशिवायच्या द्रवाचा, थर राहतो. रक्ताच्या श्यानतेचा आकडा वाचताना तापमान, पेशींचं प्रमाण, प्रवाहाचा वेग आणि नळीची जाडी दिलेली आहे का ते पाहा. दिलेली नसेल तर त्या आकड्यावर पुढचा हिशोब उभारू नका.

चौथं: हाड, आणि आरशाची युक्ती

कोंबडीच्या पायाची दोन सारखी लांब हाडं स्वच्छ करा. हाड वाळू देऊ नका. वाळलेलं हाड ताठ आणि ठिसूळ होतं आणि जिवंतपणीचे गुण दाखवत नाही. मिठाच्या सौम्य पाण्यात, लिटरला ९ ग्रॅम मीठ, भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

हाड दोन आधारांवर ठेवून मध्ये वजन टांगायचं, ही नेहमीची रीत. अंतर ८ सेंटिमीटर, बाहेरची त्रिज्या ३.५ आणि पोकळीची २.५ मिलिमीटर असेल तर २ किलोने मध्यभाग जेमतेम पाव मिलिमीटर वाकतो. तेवढा पट्टीवर वाचता येत नाही, शिवाय आधारांपाशी हाड थोडं चेपलं तर तेही त्यातच मिसळतं. म्हणून वाकणं नको, उतार मोजा. एका आधाराच्या अगदी वर हाडाला छोटा आरसा चिकटवा, असा की त्याचा चेहरा हाडाच्या टोकाच्या दिशेला असेल. त्यावर लेझर टाकून ठिपका ३ मीटरवरच्या भिंतीवर पाडा. वजन टांगल्यावर आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. हाडाचा गुणांक १० गिगापास्कल धरला तर ठिपका साडेपाच सेंटिमीटर सरकायला हवा. पट्टीने सहज मोजता येईल इतकं हे अंतर.

उतार = ठिपक्याचं सरकणं ÷ (२ × भिंतीचं अंतर)

गुणांक = बल × आधारांतल्या अंतराचा वर्ग ÷ (१६ × उतार × काटछेदाचा जडत्वाघूर्ण)

काटछेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो ते जडत्वाघूर्ण सांगतो. पोकळ नळीचा जडत्वाघूर्ण म्हणजे ०.७८५ × (बाहेरच्या त्रिज्येचा चतुर्थ घात − आतल्या त्रिज्येचा चतुर्थ घात). चतुर्थ घातामुळे जाडी मोजताना कसूर चालत नाही. प्रयोग संपल्यावर हाड मध्ये करवतीने कापून दोन्ही त्रिज्या मोजा. हाडाचा काटछेद पुरता गोल नसल्याने आलेला गुणांक अंदाजीच राहील. तुलना मात्र पक्की करता येते, कारण दर वेळी तेच हाड आणि तेच आधार असतात.

आता ते हाड व्हिनेगरमध्ये बुडवा. दुसरं हाड तुलनेसाठी मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये. रोज एकदा पहिलं बाहेर काढून धुवा, मोजा आणि नव्या व्हिनेगरमध्ये परत ठेवा. फ्रिजमधलंही त्याच वेळी मोजा. वाळलेल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं. आम्ल ते विरघळवत आतल्या बाजूला सरकतं आणि मागे कोलॅजेनचा सांगाडा राहतो. ठिपक्याचं सरकणं दिवसागणिक वाढत जाईल. वजन २ किलोवरून अर्ध्या किलोवर, मग शंभर ग्रॅमवर आणावं लागेल. शेवटी हाड बोटांनी वाकतं, पण तुटत नाही. ताठपणा खनिजाचा होता, तो गेला. चिवटपणा कोलॅजेनचा, तो अजून आहे. याच्या उलट पाहायचं असेल तर तिसरं हाड भट्टीत चांगलं भाजा: कोलॅजेन जळून जातं आणि हाड खडूसारखं मोडतं. मुडदूस झालेल्या मुलांची हाडं खनिज कमी पडल्यामुळे वाकतात, तर जन्मजात सदोष कोलॅजेन असलेल्यांची थोड्याशा धक्क्यानेही मोडतात.

रोजच्या नोंदीत दिवस, वजन, ठिपक्याचं सरकणं, खोलीचं तापमान आणि हाड व्हिनेगरमधून काढल्यावर किती मिनिटांनी मोजलं हे लिहा. फ्रिजमधल्या हाडाचा ठिपकाही सरकत गेला, तर फरक हाडात नसून आरशाच्या गोंदात किंवा आधारांत आहे. ते दुरुस्त करून त्या दिवसाची मोजणी पुन्हा घ्या.